परिहार आणि गल्लीची मदत: कागद कुठे मागायचा, कुठे नाही

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर पडल्या की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी भागात दोन प्रकारची मदत एकाच वेळी सुरू होते. एक सरकारचा परिहार, म्हणजे नुकसानभरपाई, दुसरी गल्लीतले पंच, गणेश मंडळं, महिला बचत गट करतात ती. दोन्ही बऱ्याचदा एकाच शाळेच्या पटांगणात मिळतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. या गल्लतीत सगळ्यात जास्त भरडला जातो तो ज्याच्या हातात दाखवायला कागद नाही तो.

आधी परिहार. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो आणि त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. कशाला किती द्यायचे, हे ठरलेलं असतं. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला कपडे-भांड्यांसाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे ३,८०० रुपये बसत होते. कर्नाटक सरकारने त्यात भर घालून तातडीची मदत १०,००० केली. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले. एवढी रक्कम कुठल्याही मंडळाच्या आवाक्यातली नाही.

पण ती मिळते पंचनाम्यावर. तलाठी येतो, पडक्या भिंतीपुढे घरमालकाला उभं करून फोटो काढतो, उतारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतो. सार्वजनिक पैसा आहे, हिशेब द्यावा लागतो, तेव्हा कागद मागणं चूक म्हणता येत नाही. अडचण पुढे येते. घराचा पैसा घरमालकाच्या नावावर जातो, ते बरोबरच आहे. पण ज्याची भांडी वाहून गेली, गाद्या कुजल्या, तो भाडेकरू असतो आणि त्याच्याकडे भाडेकरार नसतो. आपल्याकडे खोली तोंडी बोलीवरच भाड्याने दिली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्याचं नाव यादीत चढतच नाही.

इथे ‘कागद नाही’ म्हणताना दोन अगदी वेगळी माणसं एकाच पोत्यात भरली जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत राबणाऱ्या उत्तर प्रदेशच्या कामगाराकडे आधार आहे, फक्त पत्ता गावाकडचा आहे. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलचं रेशनकार्ड असलेली बाई निपाणीत भाड्याने राहते. पालात राहणाऱ्या भटक्या हरणशिकारी जमातीच्या कुटुंबाचं होतं नव्हतं ते पाण्यात गेलं. ही सगळी या देशाचीच माणसं. ज्याच्याकडे इथे राहण्याचा वैध कागद नाही, असा परदेशी माणूस ही वेगळी गोष्ट, आणि त्याचा निवाडा करायला वेगळा कायदा, वेगळी यंत्रणा आहे. तो निवाडा भात वाढणाऱ्या पोरांनी करायचा नसतो. सेंट्रिंगच्या कामावर आलेला पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा मजूर बंगाली बोलतो एवढ्यावरून त्याला रांगेतून बाजूला काढणं मला अन्यायाचं वाटतं. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला तरी बोलीवरून माणूस परका ठरवला जाण्याचं दुःख कुणी समजावून सांगायला नको.

आणि समजा माणूस खरोखरच परदेशी निघाला, तरी? आपल्या घटनेतला २१ वा अनुच्छेद जगण्याचा हक्क ‘व्यक्ती’ला देतो, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचलमधल्या चकमांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. काळजी केंद्रातलं (पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीतलं) जेवण, पिण्याचं पाणी, बोटीतली जागा यासाठी आधार कार्ड मागायला त्यामुळे काहीच आधार उरत नाही.

अमेरिकेत ही दोन प्रकारच्या मदतीतली रेघ फार ठळक दिसते. तिथली फेमा ही सरकारी संस्था निवारा, अन्न, पाणी सगळ्यांना देते. घर-सामानासाठीची रोख मदत मात्र कागद नसलेल्या स्थलांतरितांना देत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, तरी सरकारी दारात जायला ही माणसं घाबरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा काउंटीत वणवे पेटले, तेव्हा द्राक्षमळ्यांत राबणारे असे कितीतरी मजूर उघड्यावर आले. स्थानिक कामगार संघटनांनी एकत्र येऊन ‘अनडॉक्युफंड’ नावाचा निधी उभा केला आणि सरकारी रोख मदतीतून वगळलेल्या याच कुटुंबांना थेट पैसे दिले. जिथे सरकार कायद्याने थांबतं तिथून लोकांनी सुरुवात केली.

गल्लीच्या मदतीची ताकद नेमकी हीच आहे. तिला पंचनामा लागत नाही, ती त्याच संध्याकाळी पोचते. मग आपलीच पोरं टेबल मांडून आधारची झेरॉक्स का गोळा करतात? हिशेबासाठी म्हणतात. देणगीदारांना हिशेब द्यायलाच हवा, पण त्यासाठी किती माणसं, किती लहान मुलं, कुणाला साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, कुठल्या खोलीत उतरलेत, एवढं वहीत लिहिलं तरी पुरतं. तांदूळ किती पोती आला, किती गेला, हे फळ्यावर लावा. घेणाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ज्याला आपण कुठे आहोत हे उघड व्हायची भीती आहे, तो त्या फोटोपायी उपाशी राहील पण रांगेत येणार नाही.

उलट बाजूनेही गल्लत होते. ‘मंडळाचं किट घेतलं की परिहारातून नाव कापतात,’ असं लोक एकमेकांना सांगतात आणि भाबडी माणसं किट नाकारतात. तसं काही नाही. मंडळाने दिलेल्या तांदळाचा सरकारी निकषांशी संबंध नसतो. आणि मंडळाने पोटभर दिलं म्हणून परिहार मागायचा सोडूनही देऊ नये.

कागद इथला नसलेल्या भाडेकरूसाठी गल्लीने आणखी एक काम करावं, ते भातापेक्षाही मोलाचं आहे. तलाठी येईल त्या दिवशी एखाद्या पंचाने त्याच्यासोबत उभं राहावं. हा माणूस याच खोलीत राहत होता, पाणी या खुणेपर्यंत चढलं होतं, हे शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनाम्यात लिहून घ्यावं. घरमालकाची सहीही तिथल्या तिथे घ्यावी. त्यानंतरही यादीत नाव आलं नाही तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.