लठ्ठपणाची रेघ कुठे ओढायची? मुलांची भूक, भरवणं आणि वजनाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

सोलापुरात शाळांमधली आरोग्य तपासणी झाली की मुलांच्या डॉक्टरांकडे एक चमत्कारिक तक्रार येते. शाळेच्या कार्डावर 'वजन जास्त' असा शेरा असतो आणि सोबत आलेली आजी म्हणते, "डॉक्टर, पोरगं वाळलंय बघा, भुकेचं औषध लिहून द्या." दोन्ही शेरे एकाच मुलाबद्दल असतात. यातलं कोण चुकतंय याला सरळ उत्तर नाही, कारण कार्डावरची रेघ आणि आजीच्या नजरेतली रेघ वेगवेगळ्या काळात आखल्या गेल्या आहेत.

आजीची रेघ दुष्काळातली आहे. १९७२ साली आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर गेलेली, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पोरं आज साठीच्या पुढे आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हा जिल्हा, आणि इथेच मिलो घशाखाली उतरवावी लागली, हे कुणी विसरलेलं नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि घरं यंत्रमागावर, विड्यांवर चालू लागली. अशा घरात बाळसं धरलेलं मूल म्हणजे घास पुरल्याची खात्री. 'सुदृढ बालक' स्पर्धांमध्ये गुटगुटीत बाळालाच टाळ्या मिळायच्या. अंगणवाडीचा तक्ताही वर्षानुवर्षं वयानुसार वजनाचाच होता: ठिपका खाली घसरला की हिरव्याचा रंग बदलायचा. वर कितीही चढला तरी हिरवाच. ही भीती निराधार मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली.

मुलाची भूक स्वतःचा हिशोब ठेवते का, हा प्रश्न शास्त्राने पहिल्यांदा नीट विचारला तो १९२६ मध्ये, अमेरिकेत. एका बालरोगतज्ज्ञ महिलेने नुकत्याच दूध तोडलेल्या बाळांसमोर साध्या, बिनमसाल्याच्या पदार्थांची ताटं ठेवली आणि भरवणाऱ्या परिचारिकांना सक्त ताकीद दिली: सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही, मुलाने हात दाखवला तरच चमचा पुढे करायचा. एकूण १५ मुलं झाली. प्रत्येकाची निवड वेगळी होती आणि सगळी चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने समोर ठेवलेलं माशाचं तेल बरं होईपर्यंत घेतलं आणि मग सोडून दिलं. 'मुलाला हवं ते खाऊ द्या' असा याचा अर्थ लावला जातो तो चुकीचा आहे. त्या ताटात साखर नव्हती, बिस्किट नव्हतं, पाकिटातलं काहीच नव्हतं. खरी गोम पदार्थांच्या यादीतच आहे, असं त्या संशोधिकेनेच लिहून ठेवलंय. प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर दुसरा प्रयोग करायचा तिचा बेत होता, पण मंदीत पैसा आटला आणि तो राहूनच गेला.

आजचा बहुतेक वाद उभा आहे तो १९८० नंतरच्या कामावर. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत बालवाडीच्या मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला पोट कधी भरलं हे ओळखायला शिकवलं. दुसऱ्या गटाचं लक्ष ताटात किती उरलंय याकडे वळवलं आणि संपवलं की बक्षीस दिलं. नंतर जेवणाआधी थोडा जड खाऊ दिला, तेव्हा पहिल्या गटाने जेवणात आपसूक हात आखडला, दुसऱ्याला ते जमलं नाही. 'ताट संपव' या आपल्या घरोघरच्या वाक्यावरचा हा १९८७ चा निष्कर्ष. १९९१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की दोन ते पाच वर्षांची मुलं एका जेवणाला भरपूर आणि पुढच्याला चिमणीएवढं खातात. जेवणागणिक सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास चढउतार होता, पण २४ तासांच्या बेरजेत जेमतेम १० टक्के. रात्री ताट तसंच ठेवून उठलेल्या मुलामागे वाटी घेऊन धावणाऱ्या प्रत्येक घराला हे आकडे कुणीतरी समजावून सांगायला हवेत. १९९९ मध्ये उलटी बाजू समोर आली. एखादा खाऊ समोर दिसत असून त्यावर बंदी घातली की मुलं तोच जास्त मागतात. म्हणजे कोंबणं आणि रोखणं या दोन्हींत मुलाचं लक्ष पोटावरून उडून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे जातं.

यातून सगळा दोष आईच्या माथी मारायची घाई झाली, आणि तो अन्याय होता. आई कोंबते म्हणून मूल बारीक राहतं, की बारीक दिसतं म्हणून आई कोंबते? याचं बरंच उत्तर जुळ्यांनी दिलं. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांची सुमारे २,४०० कुटुंबं अभ्यासली गेली. एकच घर, एकच आई, पण दोघांपैकी अन्न दिसताच पुढे झेपावणारं बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत भावंडापेक्षा सुमारे एक किलोने जड झालेलं होतं. भुकेचा बराच भाग जन्मजात असतो. भरवण्याच्या सवयी त्यावर चढतात, आणि त्या बऱ्याचदा मुलाचं वजन बघूनच ठरतात.

वजन बघून भरवणं ठरत असेल, तर वजनाला नाव कोण देतं याला फार महत्त्व येतं. आपल्याकडे खरी गुंतागुंत इथे आहे.

पाचाच्या वरच्या मुलांसाठी आज निदान तीन रेघा चालतात. पहिली २००० सालची, सहा देशांच्या आकडेवारीवरून काढलेली. प्रौढांचे २५ आणि ३० हे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) धरून वयाबरहुकूम मागे ओढत आणलेली. दुसरी जागतिक, २००६ आणि २००७ ची. त्यात पाच वर्षांपर्यंत मध्यापासून दोन प्रमाण-विचलनं (मध्यापासूनचं अंतर मोजायचं संख्याशास्त्रातलं माप) वर गेल्यावर 'वजन जास्त' आणि तीन वर गेल्यावर 'लठ्ठ', तर पाचनंतर तेच शब्द एक आणि दोन विचलनांवर लागतात. त्यामुळे पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नुसती 'धोक्याची शक्यता' असलेलं मूल दुसऱ्या दिवशी वजनदार ठरू शकतं, अंगावर एक ग्रॅम न चढता.

तिसरी रेघ देशी, २०१५ ची. देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १४ शहरांतल्या सुखवस्तू घरांमधल्या ३३ हजारांवर मुलांच्या मापांवरून नवे तक्ते केले. नमुन्यातली फार जाड मुलं आधीच बाजूला काढली, कारण ती धरली असती तर जाडीच सर्वसाधारण ठरली असती. मग रेघ २५ आणि ३० वर न ओढता २३ आणि २७ वर ओढली. परिणाम असा, की संदर्भ गटातल्या मुलग्यांत ७१ व्या आणि मुलींत ७५ व्या शततमकापासूनच (शंभरांना चढत्या क्रमाने लावलं तर त्यातल्या जागेपासूनच) 'वजन जास्त' सुरू होतं. लठ्ठपणा अनुक्रमे ९० आणि ९५ पासून. ज्यांच्यावरून मोजपट्टी घडवली त्यांतलेच दहापैकी जवळजवळ तीन मुलगे रेघेच्या पलीकडे.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. २३ हा आकडा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक तज्ज्ञ-बैठकीच्या अहवालातून, आशियाई प्रौढांतल्या मधुमेह-हृदयविकाराच्या धोक्यावरून आलेला. तो सात वर्षांच्या मुलाला लावायचा कसा? अर्ध्या वर्गाच्या पालकांना घाबरवून काय साधायचं? या प्रश्नांत दम आहे.

तरीही माझा कौल खालच्या रेघेकडे आहे, आणि त्याचं कारण पुण्याजवळच्या गावांत सापडतं. १९९३ पासून तिथे गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा चालू आहे. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. कमी पडले होते ते स्नायू. कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली होती. बारीक दिसणाऱ्या अंगात चरबी, हा आपला जुना साचा आहे. एकाच बीएमआयचे, २२.३ चे, दोन संशोधकांची मापं २००४ मध्ये छापून आली, तेव्हा ब्रिटिशाच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि भारतीयाच्या अंगात २१.२. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत पौगंडावस्थेतली जवळपास २४ टक्के मुलं कृश आणि ५ टक्के वजनदार होती, पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची सुमारे १० टक्के. मधुमेहाची वाट वजनदारांच्या रांगेतूनच जाते, असा हिशोब इथे बसत नाही.

पण ही रेघ डॉक्टरांनी कुणाकडे नीट बघायचं हे ठरवण्यासाठी आहे. ती नुसत्या शेऱ्याच्या रूपात घरी गेली की काय होतं ते दवाखान्यात दिसतं. शेंगापोळी दादाच्या ताटात पडते, ताईच्या नाही. ती चोरून खायला शिकते. १९९९ चा प्रयोग घरातच उभा राहतो. दुसऱ्या टोकाला भुकेचं औषध. त्या नावाखाली मिळणारं सिप्रोहेप्टाडीन मूळचं ॲलर्जीवरचं, भूक वाढवतं आणि सुस्तीही आणतं. दुपारभर पेंगणारं मूल संध्याकाळी दोन चपात्या जास्त खातं आणि घर समाधानी होतं. मुलाला स्वतःची भूक कळायची ती राहूनच जाते.

बाहेरच्या खाण्यावर २०२० मध्ये नियम आला: शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत. नियम चांगला आहे. पण पाच रुपयांचं पाकीट घराच्या बोळातच मिळतं आणि रडणं थांबवायला बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी ते आणून देतं, तिथे तो पोचत नाही.

घरात पोचलेला एक प्रयत्न शेजारच्या तेलंगणातलाच आहे. नलगोंडा जिल्ह्यातल्या ६० गावांत ६०० आया आणि तान्ह्या बाळांबरोबर केलेल्या प्रयोगाचे निकाल २०१३ मध्ये आले. गावातल्याच प्रशिक्षित बाया घरोघर जात. काही गावांत काय आणि किती भरवायचं एवढंच सांगितलं, काहींत त्याबरोबर बाळाच्या खुणा ओळखायला शिकवलं: तोंड फिरवलं, थांबा, हात पुढे केला, द्या. पहिल्या गावांत बाळांची उंची जास्त वाढली, दुसऱ्या गावांत बौद्धिक विकासाचे गुण वाढले. एकाच प्रयोगाने दोन्ही हाती लागलं नाही, हे सांगायलाच हवं. पण खुणा ओळखून भरवण्याची शिफारस २०२३ च्या जागतिक मार्गदर्शिकेतही ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी आहे, आणि नलगोंड्याचा तो धडा तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठीच तयार झालेला होता. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बाळाला भरवणाऱ्या बाईला तो शब्दशः कळेल. मराठी घरांसाठी तो उतरवून घेणं हे अंगणवाडी सेविकांच्या एका प्रशिक्षणाचं काम आहे.