सोडायचं किती? मराठवाड्यातल्या ख्रिस्ती संयमाची पार्श्वभूमी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, जवळ आला की जालना, छत्रपती संभाजीनगर, उदगीर इथल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, तोच विषय निघतो. यंदा काय सोडायचं? कुणी मटण सोडतं, कुणी चहा, पोरं रील बघणं सोडल्याचं सांगतात. आपल्याकडं संयम म्हटलं की आधी ‘सोडणं’ का आठवतं आणि ‘बेतानं घेणं’ का आठवत नाही, याचं उत्तर बायबलपेक्षा एकोणिसाव्या शतकात जास्त सापडतं.

बायबलचा सूर बेताचाच आहे. नीतिसूत्रं सांगतात, मध सापडला तर पुरेल तेवढाच खा. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि दुसरीकडं दारूनं मस्त होऊ नका असंही बजावतो. सहाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध मठनियमानं तर साधूंना रोजचं द्राक्षारसाचं मापच ठरवून दिलं, थोड्या नाराजीनंच. मधली हजार-बाराशे वर्षं इथं सोडून देतो.

वळण आलं ते इंग्लंड-अमेरिकेत. 1820 च्या दशकातल्या मद्यविरोधी चळवळीचा रोख कडक दारूवर होता. बिअर, वाइन बेतानं चालत असे. 1832 मध्ये प्रेस्टन या गिरणीगावात सात जणांनी कसलीच दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ‘बेतानं’ मागं पडून ‘अजिबात नाही’ पुढं आलं. स्कॉटिश आणि अमेरिकी मिशनरी निजामाच्या मुलखात पाय रोवत होते तो हाच काळ. जालन्याजवळ निजाम सरकारनं दिलेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसलं तेही याच शतकाच्या उत्तरार्धात.

इथं त्या प्रतिज्ञेला वेगळीच जमीन मिळाली. शिंदी आणि हातभट्टी गावोगाव होती, अबकारी हे निजाम सरकारचं मोठं उत्पन्न होतं, आणि ख्रिस्ती होणारे बहुतेक महार-मांग वस्तीतले, म्हणजे मजुरीचे पैसे घरी पोचण्याआधीच गुत्त्यावर थांबण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त. त्यात कंदुरी. देवापुढं किंवा दर्ग्यावर बकरं कापायचं, भावकीला जेवू घालायचं, सोबत दारू. नव्या ख्रिस्ती माणसानं त्या पंगतीत बसावं की नाही? मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल पौलाच्या काळात करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पडलेला प्रश्न इथं जसाच्या तसा उभा राहिला. पौलाचं उत्तर होतं की मांसात दोष नाही, पण तुझ्या खाण्यानं दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर खाऊ नको. त्यातलं ‘दोष नाही’ गळालं आणि ‘खाऊ नको’ तेवढं राहिलं. आज या कडकपणाला संकुचित म्हणणं सोपं आहे. पगार शनिवारी आणि उधारी सोमवारी अशा घराला ‘बेतानं पी’ हा सल्ला कितपत उपयोगी होता, हेही विचारायला हवं.

खरा गुंता झाला प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतल्या, प्याल्यावरून. दारू पापच, तर प्याल्यात काय? 1869 मध्ये अमेरिकेतल्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षांचा रस तापवून आंबण्यापासून रोखला आणि त्या परंपरेच्या मंडळ्यांची सोय झाली. इकडं बाटलीबंद रस कुठला मिळायला! काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून, कुस्करून फडक्यातून गाळायच्या, हे काम पाळकीणबाईंकडं, म्हणजे पाळकाच्या बायकोकडं, आलं. कॅथलिक मंडळींना मात्र मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी, आंबवलेला खरा द्राक्षारसच लागतो. मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात धर्मविधीसाठी परवानगीची तरतूद होती. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आल्यावर तो कायदा पुढं इकडंही लागू झाला. 1970 मध्ये नागपुरात सहा प्रोटेस्टंट परंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अमेरिकी वळणाची मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली, आणि प्याल्याचा निकाल काही लागला नाही. गंमत म्हणजे आता जालन्याजवळच्या कडवंचीत शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षांचे मळे उभे आहेत.

या वादानं एक नुकसान केलं, असं माझं मत आहे. सगळं लक्ष बाटलीवर गेल्यामुळं बाकीचा हव्यास सुटून गेला. थेंबही न शिवणारा, पण पोरीच्या लग्नात सावकाराचं कर्ज काढून हजार पानं उठवणारा माणूस चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर निवांत निवडून येई.

1990 नंतर जुन्या चर्चशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्या वाढल्या आणि तोल दुसरीकडं झुकला. एकवीस दिवसांची उपवास-प्रार्थना, रात्रभर जागरण, सकाळी परत कामावर. जुन्या चर्चना इथं मर्यादा ठाऊक होती: कॅथलिक नियमात साठीकडं झुकलेल्यांना आणि आजाऱ्यांना उपास बंधनकारक नाही. नव्या ठिकाणी साखरेच्या रुग्णानं गोळी घ्यायची की प्रार्थना, यावर घराघरांत खटके उडतात.

आणि रविवार? विश्रांतीचा दिवस ही समतोलाची सर्वांत जुनी आज्ञा, पण तिच्यावर प्रवचनं कमी होतात. वाळूजच्या कारखान्यांतल्या तीन पाळ्यांत सुट्टी रविवारीच येईल याची खात्री नाही. बीडकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यानं मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस कोयता खाली ठेवला तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. त्यांनी काय सोडायचं, यावर मंडळीत अजून चर्चा झालेली नाही.