बॉबकट

बॉबकट : हनुवटी ते मान यांच्या दरम्यान केस एका रेषेत कापून केलेली स्त्रियांची आखूड केशरचना. मराठी बोलण्यात हा शब्द बराच सैल आहे. खांद्यावर रुळणारे कापलेले केस, लहान मुलींचा ‘मशरूम कट’, मान पूर्ण उघडी टाकणारा ‘बॉयकट’ या साऱ्यांना जुन्या पिढीच्या तोंडी ‘बॉबकट’ हेच नाव असते. केशकर्तनाच्या परिभाषेत मात्र ज्या रचनेत केसांची खालची कड सलग दिसते आणि रचनेचा भार त्या कडेवर येतो, तिलाच बॉब म्हणतात. बॉयकट किंवा ‘पिक्सी’ या रचनांत अशी कड नसल्याने त्या वेगळ्या धरल्या जातात. प्रस्तुत नोंदीत दाट केसांच्या प्रौढ व वृद्ध स्त्रियांच्या संदर्भात या तिन्हींचा एकत्र विचार केला आहे, कारण पार्लरमध्ये त्यांच्यापुढे प्रत्यक्षात हेच पर्याय येतात.

व्युत्पत्ती : इंग्रजीत ‘बॉब’ हा शब्द केसांच्या संदर्भात सतराव्या शतकापासून आढळतो. घोड्याचे छाटलेले आखूड शेपूट, तसेच त्या काळी पुरुष घालत तो आखूड केसांचा टोप, या दोन्हींना तो लावला जाई. त्याहून जुना अर्थ ‘झुबका’ किंवा ‘घोस’ असा असून शेपटीचा अर्थ त्यावरून आला असावा. स्त्रियांच्या केशरचनेचे नाव थेट झुबक्यावरून आले असे काहींना वाटते. परंतु मधल्या काळातील टोपाचा वापर पाहता शेपूट, टोप, केशरचना हा क्रम अधिक संभाव्य दिसतो. मराठीत रूढ झालेली ‘पोनी’ हीदेखील तट्टाच्या शेपटीवरूनच आली. म्हणजे एकीत शेपूट अखंड आहे, दुसरीत छाटलेले.

उगम : बॉबचा कर्ता कोण याविषयी एकमत नाही. सर्वाधिक सांगितली जाते ती पॅरिसमध्ये ‘आंत्वान’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या केशरचनाकाराची हकीकत. मूळचा पोलंडमधील शेराद्झ गावचा अंतोनी चेर्प्लिकोव्स्की (१८८४–१९७६) तो हाच. एव्ह लाव्हालिएर (१८६६–१९२९) या फ्रेंच अभिनेत्रीला अठरा वर्षांच्या मुलीची भूमिका करायची होती आणि त्या वेळी तिने चाळिशी ओलांडली होती. त्या काळात फ्रान्समध्ये लहान मुलांचे केस कानाच्या पाळीशी सरळ कापून कपाळावर झालर सोडत. आंत्वानने तीच रेघ या प्रौढ स्त्रीच्या डोक्यावर आणली, असे म्हणतात. हे साल बहुधा १९०९ असे दिले जाते. हकीकत खरी मानली, तर तरुणींच्या बंडखोरीचे चिन्ह म्हणून गाजलेली ही रचना मुळात त्रेचाळिशीच्या आसपासच्या बाईसाठी झाली, ही गोष्ट फॅशनच्या लोकप्रिय इतिहासांत सहसा ठळकपणे येत नाही.

आंत्वानने आपली प्रेरणा म्हणून पंधराव्या शतकातील फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्क हिचे नाव घेतले आणि फ्रेंचमध्ये या रचनेला ‘झान दार्क’ हे नावही मिळाले. येथे थोडी सावधगिरी हवी. जोनवरील १४३१ च्या खटल्याच्या कागदपत्रांत तिने केस पुरुषांप्रमाणे गोल व आखूड कापल्याचा आरोप आहे, तेव्हा तिचे केस कापलेले होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तिच्या हयातीतील जे एकमेव रेखाटन उपलब्ध आहे, ते पॅरिसच्या न्यायसभेच्या कारकुनाने मे १४२९ मध्ये दप्तराच्या समासात काढलेले आहे, आणि त्यात तिचे केस लांब आहेत. त्या कारकुनाने जोनला कधी पाहिले नव्हते. शिवाय पंधराव्या शतकात पुरुष ज्या पद्धतीने केस कापत, तीत कानांच्या वरपर्यंत वाटीसारखा गोल आकार राखून मानेकडील केस भादरलेले असत. १९०९ च्या रचनेशी त्याचे साम्य दूरचेच. आंत्वानने प्रेरणा घेतली ती मध्ययुगीन केसांवरून नसून एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांच्या जोनवरून, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. जोनला संतपदवी १९२० मध्ये मिळाली, मात्र त्या आधीची काही दशके फ्रान्समध्ये तिच्या प्रतिमांना बहर आला होता.

दुसरा दावा अमेरिकन नर्तकी आयरीन कॅसल (१८९३–१९६९) हिचा. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जाताना तिने सोयीसाठी केस कापले आणि १९१४-१५ च्या सुमारास ‘कॅसल बॉब’ची लाट आली. अमेरिकेपुरता हा दावा मजबूत आहे. तथापि या दोघांच्याही आधी पॅरिसमध्ये पोलेर ही अभिनेत्री आखूड केसांनी वावरत होती, आणि १९०२ च्या सुमारास लेखिका कोलेत हिने केस कापले ते पोलेरशी जोडी दिसावी म्हणून. त्याही मागे, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दशकात ‘तितुस’ नावाची स्त्रियांची आखूड विस्कटलेली रचना रूढ होती. या सर्वांवरून असे म्हणता येईल, की आखूड केस कोणी एकाने शोधलेले नाहीत, परंतु सलग कडेची रेघ आणि तिचे नाव ही जोडी १९०९ ते १९१५ दरम्यान स्थिर झाली.

पहिल्या महायुद्धानंतर बॉब सर्वत्र पसरला. १९२२ मधील व्हिक्टर मार्गेरितच्या कादंबरीवरून फ्रेंचमध्ये ‘गार्सॉन’ हे नाव पडले. मानेकडे निमुळते कापलेले ‘शिंगल’ आणि जवळजवळ मुलाप्रमाणे चापून बसवलेला ‘ईटन क्रॉप’ हे प्रकार त्याच दशकातले. अमेरिकेत स्त्रिया पुरुषांच्या न्हाव्याकडे रांगा लावू लागल्या, कारण स्त्रियांच्या केशरचनाकारांना केस वळवणे, बांधणे, फुगवणे येत असे, कात्री चालवणे येत नसे. पूर्वेकडे हाच प्रश्न वेगळ्या अंगाने आला होता. जपानमध्ये पुरुषांनी शेंडीचा अंबाडा सोडून केस कापावेत असा सरकारी आग्रह असताना, १८७२ मध्ये तोक्योत स्त्रियांनी केस आखूड कापण्यावर बंदी घालण्यात आली.

आधुनिक बॉबचे श्रेय लंडनच्या व्हिडाल ससून (१९२८–२०१२) याला दिले जाते आणि दाट केसांच्या दृष्टीने त्याचे काम महत्त्वाचे आहे. त्याने १९६३ मध्ये अभिनेत्री नॅन्सी क्वान हिचे लांबसडक, दाट, सरळ केस कापून मागे आखूड आणि पुढे हनुवटीकडे उतरत जाणारा बॉब केला. तोवर आखूड केसांना रोलर, फवारा आणि दर आठवड्याची बैठक लागत असे. ससूनचा आग्रह असा, की आकार कात्रीनेच यावा, आणि डोके धुऊन झटकले की केस आपोआप जागेवर बसावेत. वृद्ध स्त्रियांत ही रचना टिकण्याचे खरे कारण हेच असावे.

तंत्र : ‘दाट’ आणि ‘जाड’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात. कापणाऱ्याला मात्र त्यांतला भेद पाळावा लागतो. दाटपणा म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे केसांची संख्या, तर जाडी म्हणजे एका केसाचा व्यास. मानवी केसाचा व्यास साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर असतो. एखादीचे केस बारीक पण दाट असतात, एखादीचे जाड पण विरळ. पार्लरमधील ठोकताळा असा, की सर्व केस मागे एकत्र घेऊन रबर लावले आणि त्या झुबक्याचा घेर चार इंच किंवा अधिक भरला, तर केस दाट समजावेत.

दाट केस हनुवटीशी एका रेषेत कापले की वरचे थर खालच्या थरांवर बसतात, खालचे बाहेर ढकलले जातात आणि डोक्याला त्रिकोणी झोपडीचा आकार येतो. बहुतेक तक्रारी याच आकाराच्या. म्हणून दाट केसांत आधी भार कोठे ठेवायचा हे ठरते, लांबी त्यानंतर. केस डोक्यापासून न उचलता कापले तर भार खाली राहतो. सुमारे ४५ अंशांत उचलून कापले तर कड उतरती होते, त्याला ग्रॅज्युएशन म्हणतात. ९० अंशांत उचलले तर ‘लेयर’ पडतात व भार विभागला जातो. मागे ग्रॅज्युएशन, बाजूंना सलग कड आणि माथ्यावर लांब लेयर, हा मेळ दाट केसांच्या प्रौढ स्त्रियांना सर्वांत जास्त सोसतो. प्रत्यक्षात कापणारी व्यक्ती आधी मधोमध भांग पाडते, दुसरी रेघ कानामागून कानामागे काढते आणि चार भाग क्लिपांनी वर बांधून ठेवते. मग मानेवरचा बोटभर रुंदीचा थर तेवढा मोकळा सोडून तो कापते. पुढचा प्रत्येक थर या पहिल्या थराच्या मापाने उतरतो, त्यामुळे तेथे अर्धा इंच चुकला तर शेवटपर्यंत चुकतो. फार दाट केसांत हा खालचा थर मशीनने अगदी आखूड करून टाकतात. वरचे केस त्यावर पडतात, बाहेरून काही दिसत नाही, पण निम्मा फुगवटा जातो. वाढताना त्या जागचे केस टोचतात आणि उभे राहतात, ही त्याची किंमत.

विरळ करणारी दातेरी कात्री हा वादाचा विषय आहे. तिने केस हलके होतात हे खरे. मात्र ती मुळाशी चालवली तर कापलेले खुंट वाढताना वरच्या केसांना टेकू देतात आणि महिन्याभरात फुगवटा पूर्वीहून अधिक दिसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, यावरून हिशेब करता येतो. राठ, जाड केसांवर ती न वापरता कात्रीचे टोक उभे धरून फक्त शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये खाचा पाडणे बहुतेक जाणकार पसंत करतात. वस्तऱ्याने कापणे राठ केसांना मानवत नाही, टोके फाटतात. कुरळे केस ओले असताना ताणले जातात व वाळल्यावर वर चढतात, म्हणून ते कोरडेच कापावेत किंवा बोटभर लांब सोडावेत. बॉयकट दाट केसांवर चांगला बसतो, फक्त माथ्यावर निदान दोन इंच लांबी हवी. त्याहून आखूड झाले की जाड केस ब्रशसारखे उभे राहतात. चष्मा असणाऱ्या स्त्रीचे केस कापताना शेवटी तो घालायला सांगून बाजू पुन्हा तपासावी लागते. काडी केसांना बाहेर रेटते आणि आरशात बरोबर वाटलेली कड एका बाजूने वर जाते. श्रवणयंत्राचेही तसेच.

वय व केस : केसाचा व्यास साधारण चाळिशीपर्यंत वाढतो व पुढे कमी होतो, असे काही पाहण्यांत आढळले आहे. रजोनिवृत्तीनंतर वाढीचा काळ आखूड होतो. स्त्रियांत केस गळण्याची पद्धत पुरुषांहून निराळी असते. कपाळाची रेघ शाबूत राहते आणि भांग रुंदावत जातो. १९७७ मध्ये लुडविग या त्वचारोगतज्ज्ञाने या अवस्थांची केलेली तीन पायऱ्यांची विभागणी आजही वापरात आहे. यामुळे ‘दाट केसांची वृद्ध स्त्री’ म्हटले तरी दाटपणा सर्वत्र सारखा नसतो. मान व कानांमागे केस पूर्वीसारखेच, टाळूवर मात्र पातळ, असे चित्र पुष्कळदा दिसते, आणि खालून हलके करून वर लांबी राखणे याच कारणाने सोयीचे पडते. पांढरे केस जाड असतात हा समज सर्वत्र आहे. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वयानुसार टाळूवरील तैलग्रंथींचा स्राव घटतो, केस कोरडे होतात आणि हाताला राठ लागतात, हे स्पष्टीकरण व्यासाच्या वाढीपेक्षा अधिक पटते. कलप किंवा मेंदी लावणाऱ्या स्त्रियांना आखूड केसांत रंगवलेला भाग लवकर कापला जाऊन पांढरे मोकळे करता येतात.

महाराष्ट्रात : येथे स्त्रीच्या कापलेल्या केसांवर दीर्घकाळ निराळी छाया होती. उच्चवर्णीयांत विधवेचे केशवपन रूढ होते. १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचे केस काढण्यास नकार दिला. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या घटनेशी जोडले जाते. विषमज्वरातून उठलेल्या बाईचे केस कापत, तिरुपतीला केस वाहत. स्वतःच्या हौसेने केस कापणे या यादीत नव्हते. बॉबकट घरात आला तो लहान मुलींच्या डोक्यावर, सोयीसाठी आणि उवांच्या त्रासापायी. मुलगी मोठ्या शाळेत गेली की दोन वेण्या सुरू होत. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटानंतर कपाळावरची झालर ‘साधना कट’ म्हणून गाजली, पण तीत मागचे केस लांबच राहिले. प्रौढ स्त्रीच्या आखूड, दाट केसांची सर्वपरिचित प्रतिमा इंदिरा गांधींची. १९६६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या, आणि पुढे त्यांच्या काळ्या केसांतली पांढरी बट व्यंगचित्रकारांना ओळखीची खूण म्हणून पुरू लागली.

आज शहरांत साठीपुढच्या स्त्रिया केस कापतात त्यामागची कारणे बहुतेक घरगुती असतात. खांदा धरला की हात मागे जात नाही आणि वेणी दुसऱ्याला घालावी लागते. दाट केस न्हाल्यानंतर दुपारपर्यंत वाळत नाहीत. बॉब नीट ठेवायचा तर सहा ते आठ आठवड्यांनी आणि बॉयकट असल्यास महिन्या-दीड महिन्याने पार्लर गाठावे लागते. पहिल्यांदा कापताना पुष्कळजणी अंबाड्यापुरते केस राहू द्या म्हणतात. दाट केसांत ती लांबी नेमकी खांद्याला टेकून बाहेर वळते, आणि काही आठवड्यांत त्या उरलेले कापायला परत येतात.