तिसरी सही: कामावरच्या ट्रेनिंगच्या परीक्षेत मॉडरेटर कुठून आला

हॉटेलातल्या ट्रेनीची फाईल उघडली की शेवटच्या पानावर सह्यांचे तीन चौकोन असतात. पहिला ट्रेनरचा, दुसरा असेसरचा आणि तिसरा मॉडरेटरचा, काही ठिकाणी त्यालाच इंटर्नल व्हेरिफायर म्हणतात, नाव काही असो काम तेच. पहिल्या दोन सह्या कशाला ते कुणालाही कळतं, एकाने शिकवलं, दुसऱ्याने तपासलं. तिसरीबद्दल मात्र नवीन पोरं हमखास विचारतात, सर, असेसरने पास म्हटलंय ना, मग परत कशाला, त्याच्यावर विश्वास नाय काय? हा प्रश्न मला फोंड्यात, वेर्ण्यात, कळंगुटच्या हॉटेलांत सगळीकडे ऐकायला मिळालाय आणि उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अर्धवट राहतं, म्हणून आज जरा मागून सुरुवात करतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे मॉडरेटर म्हटलं की लोकांना दहावी-बारावी आठवते. गोवा बोर्ड १९७५ साली झालं, तेव्हापासून घराघरात माहीत आहे की पेपर एकजण तपासतो आणि नंतर काही पेपर मॉडरेटरकडे जातात. त्यात २०१७ साली सीबीएसईने मार्कांचं मॉडरेशन बंद करायचं ठरवलं, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, तेव्हापासून मॉडरेशन म्हणजे वरून वाढवून दिलेले मार्क असंच डोक्यात बसलंय. कामाच्या जागेवरचा मॉडरेटर मार्क वाढवत नाही आणि कापतही नाही. असेसरने जो निकाल दिला तो कशाच्या आधारावर दिला, तो आधार पुरतो का, आणि दुसऱ्या असेसरनेही हाच निकाल दिला असता का, एवढंच तो बघतो.

आता ही गरज मुळात का पडली. आपल्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, शब्द पोर्तुगीज मेस्त्रेवरून आलाय, म्हणजे गुरू, उस्ताद. पोरगा मेस्ताकडे राहायचा, रंधा मारायचा, वर्षं गेली की मेस्त म्हणायचा आता तू तुझं काम घे. कागद नाही, परीक्षा नाही. आणि चालायचं, कारण डिचोलीत शिकलेला पोरगा डिचोलीतच दारं-खिडक्या करायचा, दार नीट बसलं नाही तर कुणाच्या हाताखाली शिकला ते सगळ्या गावाला ठाऊक. मेस्ताची अब्रू हीच तपासणी. पण माणूस गाव सोडून लांब कामाला गेला की तिथे त्याच्या मेस्ताला कोण ओळखणार? तिथे कागद लागतो, आणि कागद आला की त्यामागे कोण उभा आहे हा प्रश्न येतोच. पुढचा सगळा इतिहास मला या अंतराचाच वाटतो.

सोनारांचं बघा. इंग्लंडमधे १३०० साली कायदा झाला की सोनारांच्या संघाचे वॉर्डन दुकानोदुकानी जाऊन चांदी तपासतील आणि शिक्का मारतील. पुढे १४७८ मधे लंडनला पद्धत बदलली, पगारी तपासनीस नेमला आणि माल संघाच्या हॉलमधे आणायचा असं ठरलं. हॉलमार्क हा शब्द तिथला. म्हणजे ज्याने दागिना घडवला त्यानेच शुद्धतेची ग्वाही द्यायची नाही हे तत्त्व साडेपाचशे वर्षांपूर्वी बाजाराने मान्य केलं होतं. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क सक्तीचा व्हायला २०२१ उजाडलं. माणसाच्या कसबाला तेच तत्त्व लावायलाही बराच वेळ गेला.

मॉडरेटर हा शब्द विद्यापीठातून आला. केंब्रिजला जुन्या काळात परीक्षा म्हणजे तोंडी वादविवाद, आणि तो वाद नीट चाललाय ना हे बघणारा तो मॉडरेटर. दुसरा धागा डरहॅमचा. ते विद्यापीठ १८३२ मधे निघालं तेव्हा नवीन जागेच्या पदवीला कोण विचारणार ही भीती होती, म्हणून त्यांनी ऑक्सफर्डहून परीक्षक बोलावले. बाहेरचा परीक्षक ही पद्धत तिथून रुजली असं मानतात. आयटीआयच्या प्रॅक्टिकलला दुसऱ्या ठिकाणचे सर येऊन उभे राहतात आणि पोरांचे हात थरथरायला लागतात, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

पण हे सगळं लबाडीच्या किंवा नावाच्या भीतीपोटी. प्रामाणिक, अनुभवी माणूससुद्धा वेगवेगळं मोजतो हे कळलं ते नंतर. १८८८ मधे एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षेच्या मार्कांवर संख्याशास्त्र लावलं आणि दाखवलं की परीक्षक बदलला की मार्क बदलतात, आणि बॉर्डरवरच्या पोराचं नशीब त्यातच ठरतं. मग १९१२ मधे अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीचा एकच पेपर वेगवेगळ्या हायस्कुलांना तपासायला पाठवला, १४२ शिक्षकांनी तपासून परत दिला, आणि त्याच पेपरला शंभरातले कुणी ६४ दिलेले, कुणी ९८. लोक म्हणाले भाषेत असं होणारच, गणितात नाही होणार. पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला तर तिथला फरक आणखी मोठा निघाला. ही गोष्ट मी प्रत्येक असेसर ट्रेनिंगला सांगतो, कारण ती ऐकली की पोरांच्या मनातला तो विश्वासाचा प्रश्न गळून पडतो. हे १४२ जण काय चोर नव्हते.

आपल्या कामात हे अगदी रोज दिसतं. बेड मेकिंग घ्या. चादरीच्या कोपऱ्याला मायटर कॉर्नर पाडायचा असतो, घडी पंचेचाळीस अंशात, गादीखाली घट्ट. एक असेसर मागे उभा राहून फक्त कोपरा बघतो. दुसरा हातात घड्याळ धरतो. तिसरा बघतो की उशीचं कव्हर चढवताना पोरीने उशी हनुवटीखाली धरली का, कारण ते हायजीनमधे बसत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर, पण एकाच मुलीला तिघांकडून तीन निकाल, आणि सर्टिफिकेट मात्र एकच छापलेलं. याउलट वास्कोच्या शिपयार्डात वेल्डरची टेस्ट होते तेव्हा वेल्ड केलेली पट्टी मशीनमधे घालून वाकवतात, ठरलेल्या मापापेक्षा मोठी भेग पडली की फेल, पट्टीच निकाल सांगते. ज्या कामात पट्टी बोलत नाही, म्हणजे हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, रिटेल, पेशंटची देखभाल, तिथे मॉडरेटर जास्त लागतो. गोव्यात नेमकी हीच कामं जास्त आहेत.

आजच्या अर्थाने मॉडरेशन सुरू झालं ब्रिटनच्या शाळांमधे. १९६५ पासून तिथे सीएसई नावाची परीक्षा आली, तिच्या एका प्रकारात शाळेचे शिक्षकच अभ्यासक्रम आखायचे आणि स्वतःच तपासायचे, बोर्ड फक्त मॉडरेशन करायचं. शिकवणाऱ्यालाच तपासू द्या, पण मोजमाप सगळ्यांचं जुळवा, ही कल्पना तिथे पक्की झाली. मग १९८६ मधे एनव्हीक्यू, म्हणजे कामातल्या कसबाची राष्ट्रीय पात्रता, आली आणि परीक्षा वर्गातून उचलून थेट कामाच्या जागेवर नेली, सुपरवायझरच असेसर झाला. आता सुपरवायझरला आपला माणूस पास झालेला हवा असतो, ट्रेनिंग देणाऱ्याचे पैसे पास होण्यावर अवलंबून असतात, तेव्हा वर कुणीतरी हवाच. म्हणून असेसरला वेगळी पात्रता, इंटर्नल व्हेरिफायरला वेगळी, बाहेरून येणाऱ्या एक्स्टर्नल व्हेरिफायरला आणखी वेगळी, अशी उतरंड केली. त्या पात्रतांचे कोड डी-३२, डी-३३, डी-३४, डी-३५. जुन्या लोकांच्या बायोडेटावर अजून सापडतात.

मला सगळ्यात जवळची वाटते ती दक्षिण आफ्रिकेची गोष्ट. वर्णभेदाच्या काळात तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांना काम येत होतं, वर्षानुवर्षं करत होते, पण कागद मिळत नव्हता, आणि कागद नाही म्हणून पगार आणि बढती नाही. धातू कामगारांच्या युनियनने ट्रेनिंग आणि ग्रेड यांची सांगड घालायची मागणी लावून धरली. सत्ता बदलली आणि १९९५ मधे साक्वाचा, म्हणजे तिथल्या पात्रता प्राधिकरणाचा, कायदा झाला, राष्ट्रीय पात्रता चौकट उभी राहिली. १९९८ मधे कौशल्य विकास कायदा आला, २००० मधे प्रत्येक उद्योगासाठी सेटा नावाच्या संस्था आल्या. तिथे मॉडरेटर हे रीतसर पद झालं, त्याचं स्वतःचं युनिट स्टँडर्ड, म्हणजे त्या कामात काय यायला हवं ते लिहिलेलं माप, ११५७५९ नंबरचं, आणि नोंदणी असल्याशिवाय सही चालत नाही. पुरावा कसा हवा याची चार मापंही ठरली, जे तपासायचं त्याचाच पुरावा हवा, त्याच माणसाचा हवा, आत्ताचा हवा आणि पुरेसा हवा. निकालाचे शब्द पण बघा, कॉम्पिटंट किंवा नॉट येट कॉम्पिटंट. नापास नाही, अजून नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाही म्हटलं गेलं त्यांच्यासाठी तो ‘अजून’ किती मोठा असेल.

ऑस्ट्रेलियात दोन शब्द वेगळे केलेत, निकाल पक्का होण्याआधी असेसर बसून जुळवतात ते मॉडरेशन, आणि निकालानंतर उलटून बघतात ते व्हॅलिडेशन. २०१५ च्या त्यांच्या नियमांत प्रत्येक कोर्सचं व्हॅलिडेशन पाच वर्षांत किमान एकदा व्हायलाच हवं असं होतं.

आणि गोव्यात ज्या घरात तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, आहे त्या घराला हे सगळं वेगळ्या नावाने माहीत आहे. बोटीवर जायचं तर एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कोर्स लागतात. तो करार १९७८ चा, पण त्यात बऱ्याच ठिकाणी प्रत्येक देशाच्या प्रशासनाचं समाधान झालं की पुरे अशी मोकळीक होती, मग एकाच सर्टिफिकेटचा अर्थ देशागणिक वेगळा. शेवटी १९९५ मधे करार मोठा बदलला, तपासणारा स्वतः पात्र हवा असं लिहिलं, आणि सगळ्या यंत्रणेची स्वतंत्र तपासणी पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे असंही. समुद्रात आग लागली की शेजारी उभा असलेला माणूस कुठल्या देशात शिकला याने फरक पडून चालत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीटी, १९५६ ची. अप्रेंटिस कायद्यावर तारीख आहे १२ डिसेंबर १९६१, आणि बरोबर एका आठवड्याने, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पुढची कित्येक वर्षं आयटीआयची प्रॅक्टिकल आणि बाहेरचे परीक्षक हीच आपली मॉडरेशनची कल्पना होती. २००७ मधे मॉड्युलर एम्प्लॉयेबल स्किल्सची, म्हणजे छोट्या छोट्या कौशल्य कोर्सची, योजना आली, त्यात शिकवणारी संस्था वेगळी आणि तपासणारी वेगळी हे नियमातच घातलं. मग २७ डिसेंबर २०१३ ला एनएसक्यूएफ, म्हणजे कौशल्यांच्या पातळ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट, १५ जुलै २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, उद्योगवार सेक्टर स्किल कौन्सिलं, असेसमेंट एजन्सी. २०१८ च्या डिसेंबरमधे एनसीव्हीईटीची, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण आणि प्रशिक्षण परिषदेची, अधिसूचना निघाली आणि २०२० च्या ऑगस्टपासून ती कामाला लागली, आता सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि तपासणाऱ्या एजन्सी यांना मान्यता तीच देते.

तपासणारा वेगळा केला हे चांगलंच झालं. पण माझं मत विचाराल तर आपण असेसर बाहेरचा आणला आणि काम संपलं असं धरून चाललो. बाहेरचा असेसर सकाळी येतो, संध्याकाळपर्यंत अख्खी बॅच उरकतो, फोटो, व्हिडिओ, लोकेशनसकट अपलोड होतात. फोटोवरून कळतं की तो माणूस तिथे होता आणि मुलगीही तिथे होती. तिला काम येतं का ते फोटोत दिसत नाही. दोन असेसर एका टेबलावर बसवून, समोर एकच फाईल ठेवून, तू इथे हो का म्हटलंस आणि तू नाही का म्हटलंस हे विचारणारा माणूस आपल्याकडे अजून फार कमी ठिकाणी दिसतो.

एक फाईल मला विसरता येत नाही. एका हॉटेलातली हाउसकीपिंगची बॅच होती, मी मॉडरेशनला गेलो होतो, सॅम्पल म्हणून काही फायली काढल्या. एका मुलीच्या फाईलमधे बाथरूम क्लीनिंगचं ऑब्झर्वेशन, सगळ्या रकान्यांत टिक, सही व्यवस्थित. तारीख बघितली तर गणेश चतुर्थीची. चवथीला गोव्यात कोण मुलगी गाव सोडून थांबते? मस्टर मागवला, त्यात ती चार दिवस रजेवर. असेसरला बाजूला घेऊन विचारलं. चांगला माणूस, कितीतरी वर्षं या लाईनमधे, त्याने लपवलं नाही, म्हणाला सर, महिनाअखेर रिपोर्ट द्यायचा होता, पोरगी हुशार आहे, तिला येणारच म्हणून भरलं. मी सही केली नाही. वरच्यांचे फोन आले, एका तारखेसाठी बॅच अडवता म्हणून, बरंच ऐकून घ्यावं लागलं.

ऑब्झर्वेशन परत लावलं. मुलगी खरंच हुशार होती, आरसा, नळ, टाइल्स, सगळं नीट करत गेली. मग कमोडजवळ आली, आधी अ‍ॅसिडवालं क्लीनर ओतलं आणि लगेच दुसऱ्या हाताने ब्लीचची बाटली उघडली. असेसरनेच झटकन पुढे होऊन तिचा हात धरला. ते दोन एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ती बाथरूम बिनखिडकीची होती. ती घाबरून म्हणाली, घरी आम्ही असंच करतो, जास्त साफ होतं. जुन्या कागदावर केमिकल हँडलिंगच्या रकान्यात टिक होती.

असेसरने स्वतःच्या हाताने नॉट येट कॉम्पिटंट लिहिलं, आणि ट्रेनरने त्याच दुपारी सगळ्या बॅचला केमिकलचं सेशन परत घेतलं. अकरा दिवसांनी तिचं ऑब्झर्वेशन पुन्हा झालं, दोन्ही बाटल्यांवरची लेबलं तिने मोठ्याने वाचून दाखवली, ब्लीच ट्रॉलीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, आणि तिसऱ्या चौकोनात मी सही केली.