पाणाड्याचा लंबक कोण फिरवतं?

उन्हाळा लागला की अंबड-आष्टीपासून भूम-परांड्यापर्यंत विहिरी तळाला जातात आणि शिवारात बोअरच्या गाड्या फिरू लागतात. गाडीच्या आधी पाणाडी, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणारा, येतो. कुणाच्या तळहातावर नारळ, कुणाच्या हातात बेचक्याची फांदी, कुणाकडे दोऱ्याला टांगलेला लंबक. लंबक फिरला की तिथं खूण करायची. तो फिरतो, हे खरंच आहे. पण त्याला फिरवतं कोण?

टांगलेल्या वस्तूवर मुख्य बळं दोनच: खाली ओढणारं वजन आणि दोऱ्यातला ताण. दोरा फक्त स्वतःच्या रेषेत ओढतो. त्याला ढकलता येत नाही, आडवं रेटता येत नाही. लंबक स्थिर असतो तेव्हा ही दोन बळं समान आणि विरुद्ध असतात. ५० ग्रॅमचा लंबक असेल तर ताणही ५० ग्रॅम-भार, बेरीज शून्य. गवंड्याचा ओळंबा याच हिशेबानं सरळ राहतो.

बोटं जराशी सरकली की दोरा तिरपा होतो. ताणाचा उभा घटक वजन पेलतो. आडव्या घटकाला मात्र तोंड द्यायला कुणीच नसतं. हा घटक म्हणजे वजन गुणिले कोनाचा टॅन (दोरा आडवा जितका सरकला, भागिले त्याची उभी उंची). २५ सेंटिमीटर दोऱ्यावर बोट १ मिलिमीटर हललं तर वजनाच्या जेमतेम २५०वा हिस्सा. पण खरी गंमत तालात आहे. एवढ्या दोऱ्याचा लंबक एक पूर्ण झोका सुमारे १ सेकंदात घेतो. हात त्याच तालात १ मिलिमीटर इकडे, १ मिलिमीटर तिकडे होत राहिला तर दर झोक्याला सुमारे ३ मिलिमीटरची भर पडते. २० झोक्यांत लंबक मध्यापासून ६ सेंटिमीटर लांब जातो, आणि हात हलल्याचं ना बघणाऱ्याला दिसतं, ना धरणाऱ्याला कळतं! पाणाडी लबाड असतोच असं नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३३ मध्ये हे प्रसिद्ध केलं: हाताला टेकू दिला की झोके कमी झाले, डोळे बांधले की थांबले.

'जमिनीखालचं पाणी ओढतं' म्हणाल, तर १७७४ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंब्याचा कल मोजला. अख्ख्या डोंगरानं ओळंबा एका बाजूला ओढला तो अंशाच्या सहाशेव्या भागाएवढा. पाणाड्याच्या दोऱ्याच्या टोकाशी हे अंतर केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरेल. त्यापुढे भेगेतल्या पाण्याची काय कथा? शिवाय पाणी आपल्या काळ्या पाषाणाहून हलकं!

बोअरचा पैसा अनेकदा उसनवारीचा असतो, म्हणून एवढं तरी कराच. पाणाड्यानं खूण केली की तोच लंबक तिथंच तीन काठ्यांच्या तिकाटण्याला बांधा आणि वारा पडलेला असताना, हात नसतानाही तो फिरतो का, ते बघा. आपल्याकडे पाणी सापडतं ते झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. जमिनीत वीजप्रवाह सोडून थरांचा विद्युतरोध मोजला, तर अशा जागांचा निदान अंदाज तरी बांधता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात त्याची चौकशी करता येते.