ऋण प्रबलन आणि शिक्षा

मानसशास्त्र शिकणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा." ही व्याख्या चुकीची आहे, आणि ती चुकली की पुढचं बरंच काही चुकत जातं.

घोळ 'ऋण' या शब्दाचा आहे. ऋण म्हटलं की आपल्याला काहीतरी वाईट वाटतं. इथे मात्र तो गणितातल्या वजाबाकीच्या अर्थाने आलाय: काहीतरी काढून घेतलं, एवढंच. आणि प्रबलन म्हणजे वर्तन बळावणं. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादं वर्तन वाढलं, तर ते ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होतं.

गाडीत बसून पट्टा लावला नाही की पीं-पीं सुरू होते. खट्कन पट्टा बसला की कानाला शांतता. चार दिवसांनी हात आपोआप पट्ट्याकडे जातो. पट्टा लावणं वाढलं, म्हणून हे ऋण प्रबलन. आता पट्ट्याविना गाडी चालवल्याबद्दल दंड झाला आणि तसं चालवणं कमी झालं, तर ती शिक्षा. गंमत अशी की दंडातही पैसे काढूनच घेतले जातात. म्हणजे काय दिलं, काय काढलं यावरून प्रबलन की शिक्षा याचा निवाडा होत नाही. नंतर ते वर्तन वाढलं की घटलं, तेवढंच बघायचं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली मांडलेल्या उंदरांच्या प्रयोगांत शिक्षेची मर्यादाही दिसली. कळ दाबली की अन्न मिळतं हे शिकलेल्या उंदरांना अन्न देणं बंद केलं. त्यातल्या काहींना सुरुवातीला कळ दाबताच पंजावर फटका बसे. त्यांचं दाबणं लगेच मंदावलं, पण फटके थांबल्यावर ते पुन्हा दाबू लागले आणि शेवटी एकूण दाबण्याची संख्या फटके न खाल्लेल्या उंदरांइतकीच भरली.

मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भीतीच्या बाबतीत. चारचौघांत बोलायची धास्ती असलेला माणूस ऐन वेळी निरोप पाठवतो, "बरं वाटत नाहीये, येत नाही." निरोप गेला की छातीतली धडधड उतरते. कुणी त्याला रागावलेलं नाही, कुणी शिक्षाही केलेली नाही. पण धडधड गेली, त्यामुळे टाळणं बळावलं. पुढच्या वेळी निरोप आणखी लवकर जातो. लोक त्याला भित्रा म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. खरं तर टाळल्यावर सुटका होते, एवढंच त्याचं मन शिकलेलं असतं.

रडून आकांत करणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल देणाऱ्या आईबाबांचंही असंच. मुलाला हवं ते मिळालं, ते धन प्रबलन, म्हणजे काहीतरी मिळाल्यामुळे वर्तन बळावणं. आकांत थांबला, हे आईबाबांचं ऋण प्रबलन. मग मूल रडायला शिकतं आणि आईबाबा द्यायला.

म्हणूनच भीतीवरच्या वर्तनोपचारात माणसाला त्याच्या तयारीनुसार, पायरीपायरीने, त्या प्रसंगात थांबायला शिकवतात. आधी दोन ओळखीच्या माणसांसमोर एखादं वाक्य, मग पाच जणांसमोर, आणि प्रत्येक वेळी तो निरोप न पाठवता.