टर्मिनल एम्युलेशन

वैयक्तिक संगणकाला मेनफ्रेमच्या (एकाच वेळी अनेकांना सेवा देणाऱ्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या) टर्मिनलाप्रमाणे, म्हणजे त्याला जोडलेल्या पडदा-कीबोर्डाप्रमाणे, वागायला लावणाऱ्या तंत्राला टर्मिनल एम्युलेशन म्हणतात. पलीकडे खरे टर्मिनल आहे की त्याची हुबेहूब नक्कल करणारा संगणक, हे मेनफ्रेमला कळत नाही व कळण्याची गरजही नसते. त्यामुळे तिथल्या जुन्या प्रोग्रामांना हात न लावता जोडणी साधते, आणि हेच या तंत्राचे खरे मर्म आहे.

नक्कल करायची ती बहुधा आयबीएमने १९७१ मध्ये आणलेल्या ३२७० मालिकेतील टर्मिनलांची. त्यांच्या सर्वाधिक रूढ पडद्यावर २४ ओळी व ८० स्तंभ, म्हणजे १,९२० अक्षरे मावत. दाबलेली प्रत्येक कळ मेनफ्रेमकडे जात नसे. पडदा फील्डमध्ये, म्हणजे ठरावीक जागांच्या रकान्यांत, विभागलेला असे, वापरणारा मोकळ्या फील्ड भरत जाई आणि एंटर दाबल्यावर फक्त बदललेल्या फील्ड एकत्र रवाना होत. उत्तर येईपर्यंत कीबोर्ड कुलूपबंद राही आणि तळाच्या ओळीत एक्स व घड्याळाचे चिन्ह दिसे. एकाच मेनफ्रेमवर असंख्य लोकांना काम करता आले, त्यात या काटकसरीचा वाटा मोठा आहे.

म्हणूनच एम्युलेटरला, म्हणजे ही नक्कल करणाऱ्या प्रोग्रामाला, नुसती अक्षरे दाखवून भागत नाही. फील्डचे गुणधर्म, कीबोर्डाचे कुलूप आणि पीएफ कळा (मेनफ्रेमवरच्या प्रोग्रामाला ठरावीक आज्ञा देणाऱ्या खास कळा) हे सारे त्याला तंतोतंत पाळावे लागते. शिवाय मेनफ्रेमची एबसिडिक व वैयक्तिक संगणकाची आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणाली वेगळ्या आहेत: इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक पहिलीत १९३, तर दुसरीत ६५ आहे.

सुरुवातीला या जोडणीसाठी संगणकात एक कार्ड बसवून त्याला कोअॅक्सियल केबल जोडावी लागे, व ती केबल अनेक टर्मिनले सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत जाई. १९८२ मध्ये आलेले इर्मा कार्ड यात विशेष गाजले. पुढच्याच वर्षी आयबीएमने ३२७० टर्मिनलाचेही काम करणारा स्वतःचा वैयक्तिक संगणक, ३२७० पीसी, आणला. पुढे टीसीपी/आयपी (इंटरनेटचे संपर्कनियम) वापरणारी जाळी पसरली, तसे टेलनेट या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या पद्धतीवर आधारलेल्या टीएन३२७० प्रोटोकॉलने खास केबल व कार्ड अनावश्यक ठरवले.

टर्मिनलाची नक्कल करणारा संगणक स्वतः मात्र विचार करू शकतो, आणि याचा लाभ लवकरच घेतला गेला. ‘इंड-डॉलर-फाइल’ या प्रोग्रामाद्वारे त्याच जोडणीवरून फाइली नेता-आणता येऊ लागल्या. एचएलएलएपीआय (HLLAPI) या, इतर प्रोग्रामांना एम्युलेटरशी जोडणाऱ्या इंटरफेसमुळे दुसरे प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर वाचून माणसाच्या जागी कळा ‘दाबू’ लागले. ही पद्धत उपयुक्त खरी, पण नाजूक आहे: बाराव्या ओळीच्या विसाव्या स्तंभातून रक्कम उचलणारा प्रोग्राम, मेनफ्रेमवर त्या पडद्याची मांडणी एका स्तंभाने सरकली, तरी चुकीचा आकडा वाचतो.